साडेतेरा टक्क्यांचा मामा

"मनुष्य जन्माला येतो तोच मुळी ऋण घेऊन," भोईटेसाहेब म्हणाले. "देवांचं ऋण, ऋषींचं ऋण, पितरांचं ऋण. पण शहाणा तो, जो सगळी ऋणं वेळच्या वेळी फेडतो आणि ताठ मानेनं जगतो. आमच्या घराण्यात कुणी कुणाचा एक पैसा—"

"अहो," आतून हाक आली, "दूधवाला आलाय. मागच्या महिन्याचे मागतोय. आणि त्याच्या मागच्याही."

साहेबांनी मान ताठच ठेवली. "उद्या ये म्हणावं," ते म्हणाले, आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

भोईटेसाहेब म्हणजे माझे होणारे सासरे. बँकेत इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. शाखेशाखेत जाऊन दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर चुका पुरवणारं कुणी उरलं नव्हतं. अशा मोक्याच्या वेळी मी त्यांच्या मुलीला पसंत पडलो. साखरपुडा होऊन आठवडा झाला होता. मी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत नवाच इंजिनिअर होतो आणि त्या दिवशी सांगलीला त्यांच्या घरी नुसता चहा प्यायला आलो होतो.

"तुमच्यावर किती आहे?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"कर्ज."

"थोडंफार," मी म्हणालो.

"थोडं की फार?"

समोर शैला बसली होती. ती चिवड्यातले दाणे वेचण्यात गुंतलेली दिसली, पण कान माझ्याकडे होते. मी आठवून आठवून सांगायला लागलो. शिक्षणासाठी बँकेचं. ते पुरलं नाही म्हणून पतसंस्थेचं. पतसंस्थेचा हप्ता थकला तेव्हा मित्राकडून घेतलेलं. ज्यांच्या खानावळीत मी अजूनही जेवतो त्या अक्काताईंचं, म्हणजे नोकरी लागेपर्यंतच्या जेवणाचं. आणि मामाचं.

"मामांचं कसलं?"

"फीचं. वडील लवकर गेले. पहिल्या वर्षापासून फी मामानंच भरली."

साहेबांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता पसरली, ती मी साखरपुड्यातही पाहिली नव्हती. ते उठले, कागद घेऊन आले, चष्मा बदलला.

"यशवंतराव, तुमचा आजार कर्जाचा नाही. तुमचं कर्ज विखुरलंय. पाच ठिकाणी पाच तोंडं, पाच तारखा, पाच दर. सगळ्याचं एकत्रीकरण करायचं. एकच कर्ज, एकच हप्ता, एकच तारीख. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस आज अर्बन बँकेत मॅनेजर आहे. साडेतेरा टक्क्यांनी देईल. जामीन मी राहतो."

होणारा सासरा आपणहून जामीन राहतो म्हटल्यावर मला भरून आलं. जामीन राहिलेला माणूस सासरा झाला तर काय होतं, याचा तेव्हा अनुभव नव्हता.

"आलेल्या पैशातून सगळ्यांचं एकदम फेडून टाकायचं. व्याजासकट. रेव्हेन्यूच्या तिकिटावर सही घ्यायची. पूर्ण रक्कम पोचली, यापुढे काही येणं नाही."

"मामालाही व्याज?"

"सर्वांना. बँक तुम्हाला ज्या दरानं देते त्याच दरानं. उपकार कुणाचे ठेवायचे नाहीत."

"आणि अक्काताईंना? त्यांचं तर पोळीभाजीचं आहे."

"पोळीभाजीवरही," साहेब म्हणाले. "पाचही पावत्या हातात आल्या, की पत्रिका छापायला टाकू."

शैलानं एक दाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ लावायला मला बराच काळ लागला. तो असा होता, की हा माणूस माझ्या वडिलांना नाही म्हणू शकत नाही. हे चांगलं की वाईट?

*

कर्ज मंजूर झालं आणि मी फेडायला निघालो. कर्ज मागताना लोक माझ्याकडे जसं बघायचे, त्यापेक्षा फेडताना वाईट बघतील अशी कल्पना नव्हती.

शिक्षणाचं कर्ज दिलेल्या बँकेतल्या कारकुनानं मुदतीआधीच सगळे पैसे आलेले पाहून खाली मान घालून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" पतसंस्थेच्या चेअरमननी मला खुर्ची दिली, नारळ दिला आणि इतका जुना मेंबर सोडून चालल्याचं दुःख व्यक्त केलं, नवीन कर्जाचा अर्ज त्यांनी नारळाखालीच ठेवला होता. जंगम नावाचा माझा मित्र तेवढा खूश झाला. त्यानं व्याज मोजून घेतलं आणि ते चक्रवाढ का नाही, असं विचारलं.

अक्काताईंनी मात्र पदराला हात पुसत पैसे घेतले आणि वरच्या नोटा वेगळ्या काढल्या.

"ह्या कशाच्या?"

"व्याज, अक्काताई."

"आमटीवर व्याज?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खरं सांग, पोळ्या कडक लागायल्यात का? दुसरी खानावळ बघितलीस?"

"तसं काही नाही हो."

"मग कुणी शिकवलं तुला हे?"

"सासऱ्यांनी."

"आत्तापास्नंच?" त्या म्हणाल्या, आणि तिकिटावर अंगठा उठवून माझ्या ताटात नेहमीपेक्षा एक पोळी कमी वाढली.

आता राहिला मामा.

हणमंतमामाचा मिरजेत बँड होता. 'गजराज ब्रास बँड'. त्याला सगळी मिरज मास्तर म्हणायची. सनई-चौघडा परवडत नाही आणि नुसता ढोल बरा दिसत नाही, अशी सगळी लग्नं मामाकडे यायची. मी गेलो तेव्हा बँडच्या खोलीत तालीम चालली होती. दोरीवर बँडवाल्यांचे कोट वाळत होते. त्यांचा मूळ रंग लाल होता असं म्हणायला जागा होती. क्लॅरिनेटवाले लतीफचाचा मला पाहून वाजवता वाजवताच भुवयांनी हसले.

"का रं यशा?" मामा म्हणाला. "नवरदेवा, ये. चा घेनार?"

मी चहा आधी प्यायला हवा होता. पण मला साहेबांची कार्यपद्धती पाठ होती. मी उभ्या उभ्या पैशाचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"फीचे पैसे, मामा. चारी वर्षांचे."

मामानं हात वर केला. बँड थांबला. तुबा नावाचा भलामोठा पितळी कर्णा फुंकणाऱ्याचा सूर जरा मागून थांबला.

मामानं नोटा मोजल्या. हळूहळू, बोटाला थुंकी लावून. मोजून झाल्यावर म्हणाला, "जास्त हाईत."

"वरचं व्याज आहे."

"कसलं?"

"व्याज. साडेतेरा टक्क्यांनी."

बाहेर सायकलच्या दुकानात कुणी पंक्चर काढत होतं, ते आत ऐकू आलं.

"साडेतेरा," मामा म्हणाला. "बाजारात चाललाय दर?"

"बँकेचा आहे, मामा. आणि इथे एक सही पाहिजे. तिकिटावर."

मामानं सही केली. शाळा चौथीत सुटलेली, पण सही झोकदार करायचा. त्या दिवशी त्यानं प्रत्येक अक्षर सुटं काढलं. पावती माझ्या हातात दिली आणि वळून म्हणाला, "लतीफचाचा, पाव्हन्यास्नी रस्त्यापोतूर सोडा."

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत पाहुणं कुणी नव्हतं.

"मामा, लग्नाची तारीख—"

"पत्रिका टपालानं धाडा," मामा म्हणाला. "आन् बँड लागला तर आगाऊ बुकिंग करा. दर भाईर पाटीवर हाय."

त्यानं हातानं खूण केली. बँड सुरू झाला. मागे वळून न पाहताही मला कळलं, की तुबावाला अजून गाण्याच्या मागच्याच ओळीवर होता.

*

भोईटेसाहेबांनी पाचही पावत्या एका फाइलला लावल्या, फाइलवर माझं नाव घातलं आणि पत्रिका छापायला टाकल्या. मी कर्जमुक्त झालो होतो, फक्त अर्बन बँकेचं सगळं कर्ज अंगावर होतं.

पत्रिका घेऊन मी मिरजेला गेलो तर घरात एकटी मामी. तिनं अक्षता घेतल्या, पत्रिका देवापुढे ठेवली, आणि डोळे टिपत म्हणाली, "त्यांनी सांगून ठिवलंय बाबा. भाच्याचा आन् आपला हिशेब पुरा झाला. तू उगं वाट बघू नगंस."

ही बातमी गावी आईला सांगितली. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

"अंतरपाट धरल्यावर पोराच्या मागं कोन हुबं ऱ्हातंय?"

"मामा."

"मग? माझा भाऊ मागं हुबा ऱ्हायल्याबिगर मी अक्षदा टाकनार न्हाई. तुजी तू टाकून घे."

"आई, मी पैसे बुडवले नाहीत. फेडलेत!"

"बुडीवलं असतंस तर शिव्या दिऊन आला असता की!" आई म्हणाली.

लग्नाला आठवडा उरला होता. मी भोईटेसाहेबांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल काढली, मामाची पावती उजेडात धरून तपासली. "पावतीत काही दोष नाही," ते म्हणाले. "सही जुळते. त्यांची तक्रार नेमकी काय आहे?"

"तक्रार नाहीये. ते येणार नाहीत."

"म्हणजे उभं राहायलाच माणूस हवा. आमच्या बँकेतले हावळ आहेत. सज्जन, उंचही आहेत. ते कुणाचेही मामा होऊ शकतात."

मी हावळांना कधी पाहिलं नव्हतं. पण अंतरपाटामागे मी, आणि माझ्या मागे उंच हावळ, आणि आई मांडवाच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून, हे चित्र मला लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवशी बस्ता बांधायला गेलो. दुकानदार गादीवर साड्यांमागून साड्या फेकत होता. शैलाची आई आणि दोन मावश्या पदर चाचपण्यात रंगल्या होत्या. शैलानं यादीवर बोट ठेवलं.

"मामांचा फेटा कुठल्या रंगाचा घ्यायचा?"

"तो खोडून टाक."

"का?"

मी सगळं सांगितलं. हावळांसकट. ती ऐकत होती आणि एक मोतिया रंगाची साडी उलगडत होती.

"ताई, ही तुम्हाला खुलेल," दुकानदार म्हणाला.

"खुलू दे," ती त्याला म्हणाली, आणि मला, "मामा फीचे पैसे कसे द्यायचे? चेकनं?"

"मामा आणि चेक? बँडला मिळालेल्या नोटा असायच्या. वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकतात ना, त्या. दोनाच्या, पाचाच्या. गुलालानं माखलेल्या. कॉलेजचा कॅशिअर माझी फी घ्यायच्या आधी नोटा झटकायचा. त्याचं टेबल लाल व्हायचं. मागची पोरं शिंकायची."

शैला हसली. "आणि देताना काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? काहीतरी चेष्टा. 'शिक लेका, तुझ्या वरातीत वाजवून—'"

मी थांबलो.

"वाजवून काय?" तिनं विचारलं.

"'—सगळं वसूल करीन.'"

दुकानदारानं आणखी एक साडी फेकली. ती माझ्या मांडीवर येऊन पडली आणि मला ती बाजूला करायचंही सुचलं नाही. दर वर्षी, दर सहामाहीला, तोच माणूस तेच वाक्य बोलत आला होता, आणि मी ते नोटांवरच्या गुलालासारखं झटकून टाकलं होतं.

"म्हणजे त्यांनी वसुलीची तारीख ठरवली होती," शैला साडीची घडी घालत म्हणाली. "आणि तुम्ही मुदतीआधीच फेडून मोकळे झालात. बँकेच्या इन्स्पेक्टरची मुलगी आहे मी, मला एवढं कळतं." मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "फेटे दाखवा. गुलाबी."

*

मी तसाच मिरजेला गेलो. मामा खोलीत एकटाच बसून कॉर्नेट पुसत होता. मला पाहून त्यानं फडकं उलटं केलं आणि पुसत राहिला.

"बँड पाहिजे," मी म्हणालो.

"पाटी वाचली का?"

"वाचली."

"किती मानसं पायजेत?"

"सगळी."

"आगाऊ निम्मं लागत्यात."

"आगाऊ द्यायला पैसे नाहीत."

"मंग नंतर दे."

"नंतरही नाहीत. होते ते सगळे लोकांना वाटून बसलो. आता महिन्याला बँकेचा हप्ता जातो. पगारातून हप्ता आणि खानावळ वजा जाता माझ्याकडे उरतं ते तुझ्या तुबावाल्यालाही पुरणार नाही."

"मंग कसं करनार म्हंतोस?"

"उधार," मी म्हणालो.

फडकं थांबलं.

"कवा फेडशील?"

"जमेल तेव्हा."

"आन् न्हाई जमलं?"

"तर नाही."

"व्याज?"

"एक पैसा देणार नाही."

"पावती लिहून देशील?"

"अजिबात नाही."

मामानं कॉर्नेट तोंडाला लावलं, एक लांब सूर काढला, कुठे हवा निसटते का बघितलं आणि खाली ठेवलं. डोळे नेमके त्याच वेळी पाण्यानं भरले होते, ते त्यानं त्याच फडक्यानं पुसले. त्यामुळे नाकावर पॉलिशचा काळा पट्टा उमटला.

"लतीफचाचा!" तो बाहेर तोंड करून ओरडला. "ह्या गाढवाला चा सांगा. आन् भज्जी. साल्यानं त्या दिसापास्नं काय खाल्लेलं न्हाई तोंडावरनं दिसतंय!"

ते कर्ज मी आजतागायत फेडलेलं नाही. बँकेचं मात्र दर महिन्याला, ठरल्या तारखेला, शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं. ते फिटलं त्या दिवशी बँकेनं मला चहासुद्धा विचारला नाही. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मामी अजून आहे. मी गेलो की दारातच विचारते, "बँडचं बाकी हाय न्हवं रं?" मी हो म्हणतो. मग ती जेवायला वाढते.

लग्न लागलं. अंतरपाटाच्या अलीकडे मी, माझ्या मागे गुलाबी फेट्यात मामा. मंगलाष्टकं चालू असताना तो माझ्या कानाशी पुटपुटत होता, "भट ताल सोडून गातोय." आईनं अक्षता अशा टाकल्या, की निम्म्या माझ्या डोळ्यांत गेल्या.

मग वरात निघाली. बँडवाल्यांच्या डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या होत्या, जरीच्या तुऱ्यांच्या. मी घोड्यावरून खाली वाकून विचारलं, "मामा, टोप्या कधी केल्या?"

"तुझ्या व्याजात बसल्या," मामा म्हणाला. "कोट बसतील इतकं व्याज द्यायला पायजे हुतंस." आणि त्यानं कॉर्नेट उचललं.

त्या दिवशी 'गजराज' जसा वाजला, तसा मी नंतर कधी ऐकला नाही. लतीफचाचा गुडघ्यावर बसून वाजवत होते. तुबावाला पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबर थांबत होता. जंगम नाचला. अक्काताई नाचल्या. माझ्या डोक्यावरून लोक नोटा ओवाळत होते आणि बँडवाल्यांच्या अंगावर टाकत होते, आणि गुलाल असा उडत होता, की कॉलेजचा कॅशिअर असता तर राजीनामा देऊन गेला असता.

गर्दीतून वाट काढत भोईटेसाहेब घोड्यापाशी आले. सुटाला गुलाल लागू नये म्हणून कोपरं अंगाशी धरलेली.

"यशवंतराव, बँड उत्तम आहे. किती ठरलेत?"

"उधार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे द्यायचे नाहीत."

"पण कागदोपत्री—"

"कागद नाही, साहेब."

साहेबांचा चेहरा हिशेबात मोठा फरक सापडल्यासारखा झाला. काहीतरी मूलभूत, तिन्ही ऋणांपासून सुरू होणारं, ते मला सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मामानं त्यांना पाहिलं. वाजवत वाजवत तो थेट त्यांच्यापुढे आला, गुडघे वाकवून, गाल फुगवून, आणि मागोमाग सगळा बँड. व्याह्यांनी ओवाळल्याशिवाय बँड पुढे सरकत नाही, असा तिथला रिवाज. वरात खोळंबली. सगळा रस्ता साहेबांकडे बघायला लागला.

साहेबांनी कोटाचा उजवा खिसा चाचपला. मग डावा. मग आतला. आतून चेकबुक निघालं. त्यांनी त्याच्याकडे क्षणभर आशेनं पाहिलं आणि परत आत ठेवलं.

मग ते टाचा उंचावून माझ्या कानाशी आले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "दहाची एखादी सुटी नोट असेल का हो? उद्या देतो."